नाव एकच, घरे अनेक

वंशाचा शोध घ्यावयास निघालेला मनुष्य प्रथम आडनावाचा हात धरतो. आडनाव म्हणजे जणू घराण्याचे दार. ते उघडले की आतील दालने आपोआप दिसू लागतील, अशी त्याची भाबडी समजूत असते. ग्रेट ब्रिटनच्या पश्चिम अंगास असलेल्या वेल्स या डोंगराळ देशात मात्र ही समजूत पहिल्याच दिवशी कोलमडून पडते. तेथील एखाद्या खेड्याच्या दफनभूमीत उभे राहावे, तर या दगडावर जोन्स, त्या दगडावर जोन्स, पलीकडे डेव्हिस, विल्यम्स, इव्हान्स आणि पुन्हा जोन्स! यांतील कोण कोणाचा? शेजारी शेजारी विसावलेले दोन जोन्स एकमेकांचे कोणीही नसतील, आणि एक जोन्स व एक विल्यम्स ही सख्ख्या भावांची लेकरे असतील. म्हणूनच वेल्श घराण्याची मुळे शोधणाऱ्यास तीन साक्षीदारांकडे जावे लागते: मृत्युपत्र, थडगे आणि जमिनीचा कागद. या तिघांची साक्ष कशी घेतात, हे आज वाचकांस सांगावे असा आमचा मानस आहे.

आधी हा नावांचा घोळ कसा झाला ते पाहू. वेल्श लोकांत पूर्वी आडनावच नव्हते. रीसचा मुलगा डेव्हिड, तर तो 'डेव्हिड अप रीस'. 'अप' म्हणजे पुत्र. मुलगी असल्यास 'वेर्ख'. आपणही नावापुढे पित्याचे नाव लावतो. वेल्श मनुष्य तेथेच थांबे, किंवा हौस असल्यास पुढे आजा-पणजाही सांगे. इंग्लंडच्या राजाने १५३६ व १५४३ च्या कायद्यांनी वेल्सला इंग्रजी राज्यव्यवस्थेत पुरते सामावून घेतले, आणि इंग्रजी दप्तराला कायमचे आडनाव हवेसे झाले. मग 'अप रीस'चे प्राइस झाले, 'अप हवेल'चे पॉवेल, 'अप ह्यू'चे प्यू, 'अब इव्हान'चे बेव्हन आणि 'अब ओवेन'चे बोवेन. आपल्या संधिनियमांची आठवण व्हावी असाच हा प्रकार! इतरांनी पित्याच्या नावास इंग्रजी पद्धतीने 'स' जोडला: जॉनचा तो जोन्स, विल्यमचा तो विल्यम्स. बड्या घराण्यांनी ही रीत लवकर उचलली. डोंगरातील शेतकऱ्यांत मात्र पित्याचे नाव लावण्याची जुनी चाल काही भागांत एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत टिकून होती. वापरातील नावे मूळची थोडी. त्यांतून निपजलेली आडनावेही साहजिकच थोडी.

गंमत अशी की, ज्या लोकांना आडनाव नव्हते त्यांनाच वंशावळ सर्वाधिक मुखोद्गत होती. जुन्या वेल्श कायद्यानुसार बापाची जमीन सर्व मुलांत सारखी वाटली जाई, आणि जमिनीवरील हक्क नात्यावरून ठरे. वंशावळ हाच त्यांचा सातबारा! बाराव्या शतकाच्या अखेरीस वेल्सचे वर्णन लिहिणाऱ्या जेराल्ड या धर्मगुरूने, तेथील सामान्य मनुष्यही सहा-सात पिढ्या घडाघडा सांगतो, असे नमूद केले आहे. पुढे १५८६ पासून लुइस डन नावाच्या विद्वानाने देशभर हिंडून खानदानी घराण्यांच्या वंशावळी टिपल्या. त्या १८४६ साली छापल्या गेल्या. पीटर बार्ट्रम यांनी इ. स. ३०० ते १४०० या काळातील वेल्श वंशावळींचे आठ खंड १९७४ साली प्रसिद्ध केले. परंतु हे सारे मोठ्यांचे झाले. सामान्य शेतकऱ्याला, विणकऱ्याला, खाणीतल्या कामगाराला कोण भाट मिळणार? त्याच्यासाठी आपले तीन साक्षीदारच खरे.

पहिला साक्षीदार मृत्युपत्र. जानेवारी १८५८ पर्यंत मृत्युपत्रे मंजूर करण्याचा अधिकार चर्चच्या न्यायालयांकडे होता. त्यानंतर तो सरकारी न्यायालयाकडे गेला. वेल्समधील चर्च-न्यायालयांत मंजूर झालेली १,९०,००० हून अधिक जुनी मृत्युपत्रे अ‍ॅबरिस्टविथ येथील वेल्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत, आणि ती आता घरबसल्या संगणकावर विनामूल्य पाहता येतात. जन्माच्या नोंदीत बापाचे नाव मिळेल, पण जिव्हाळा मृत्युपत्रातच मिळतो. जुन्या मृत्युपत्रासोबत बहुधा चीजवस्तूंची यादी असते. शेजारच्या दोघाचौघांनी घरात फिरून ती केलेली: गाई इतक्या, मेंढ्या इतक्या, पितळेची कढई एक, पिसांची गादी एक. राजेरजवाड्यांच्या बखरीत न सापडणारा संसार या चार ओळींत उभा राहतो.

परंतु ही साक्ष जपून वाचावी लागते, नाहीतर मृतांवर अन्याय होतो. बापाने थोरल्या मुलास केवळ एक शिलिंग ठेवला, असे वाचून आपण चटकन म्हणतो, "बापलेकांत वितुष्ट असणार!" पुष्कळदा खरी गोष्ट उलटी असते. थोरल्याला त्याचा वाटा लग्नाच्या वेळीच देऊन झालेला असतो; तो विसरला गेला, असे पुढे कोणी म्हणू नये म्हणून हा नाममात्र शिलिंग. तीच गत नात्यांच्या शब्दांची. इंग्रजीला भाचा आणि पुतण्या यांत भेद करता येत नाही. त्यातून जुन्या कागदांत त्याच शब्दाचा अर्थ नातू असाही असू शकतो, आणि जावयासाठीचा शब्द सावत्र मुलालाही लावलेला आढळतो. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मरणाऱ्याची बोली वेल्श, पण मृत्युपत्र बहुतेक सर्व वेळी इंग्रजीत. म्हणजे आपण वाचतो ती त्या वृद्धाची वाणी नव्हे, लिहिणाऱ्याने केलेले तिचे भाषांतर! स्त्रियांची मृत्युपत्रे तर फारच थोडी, कारण १८८२ च्या कायद्यापूर्वी विवाहित स्त्रीस पतीच्या संमतीवाचून मृत्युपत्र करता येत नसे. जी आहेत ती बहुधा विधवांची आणि अविवाहितांची.

दुसरा साक्षीदार थडगे. उत्तर वेल्समध्ये ते बहुधा पाटीच्या काळ्या-निळ्या दगडाचे असते, आणि त्यावरील अक्षर पिढ्यानुपिढ्या टिकते. आरंभी 'एर कोव्ह अम', म्हणजे 'यांच्या स्मरणार्थ'. मग नाव आणि नावाखाली वाडीचे नाव. हे वाडीचे नावच सर्वांत मोलाचे! गावात पाच इव्हान जोन्स असले तरी 'पेन-अ-ब्रिन'चा, म्हणजे टेकडीच्या माथ्यावरचा, इव्हान जोन्स एकच असतो. जुन्या दगडांवर पत्नीचे माहेरचे नावही आढळते, कारण वेल्श स्त्री विवाहानंतर आपले नाव बदलीत नसे. हे ठाऊक नसलेला शोधक तिला परकी समजून वगळतो आणि आपल्याच आजीला मुकतो. मात्र दगडही सर्वस्वी निर्दोष नव्हे. पुष्कळदा तो मृत्यूनंतर कित्येक वर्षांनी बसविलेला असतो आणि त्यावरील वय आठवणीने सांगितलेले असते. शिवाय गरिबाला दगड कोठून असणार?

तिसरा साक्षीदार जमीन. बहुसंख्य वेल्श शेतकरी जमिनीचे मालक नव्हते. ते बड्या इस्टेटींची कुळे होते. अठराव्या शतकात पुष्कळ जमिनी 'तीन आयुष्यांच्या' पट्ट्याने दिल्या जात. पट्ट्यात तीन व्यक्तींची नावे घालावयाची. त्यांतील शेवटची व्यक्ती जिवंत असेतो जमीन कुळाकडे. ही नावे सहसा कुळाचे स्वतःचे, बायकोचे आणि मुलाचे. जमीनदाराने आपल्या हितासाठी केलेला कागद दोनशे वर्षांनी कुळाच्या पणतवंडांचा आधार होतो, तो असा. पुढे चर्चला द्यावयाचा दशांश रोख रकमेत ठरविण्यासाठी १८३६ साली कायदा झाला आणि गावोगावचे नकाशे निघाले. त्यांच्या जोडपत्रकांत प्रत्येक शेताचा मालक, कसणारा, क्षेत्र आणि बहुधा शेताचे नावही आहे.

आता तिघांची साक्ष एकत्र कशी जुळते ते एका कल्पित उदाहरणाने पाहू. समजा, पेन-अ-ब्रिनच्या इव्हान जोन्सचा दगड मिळाला. त्याचा बाप कोण? दशांशाच्या पत्रकात पेन-अ-ब्रिन कसणारा म्हणून 'जॉन विल्यम' असे नाव आहे. आडनाव जुळत नाही म्हणून येथे परत फिरावयाचे नाही. जॉन विल्यमचे मृत्युपत्र काढावे. त्यात "माझा मुलगा इव्हान" यास गाई ठेवलेल्या आढळतात. मग जुना पट्टा पाहावा. त्यात कूळ विल्यम रोलंड, त्याची पत्नी आणि मुलगा जॉन. झाले! रोलंडचा विल्यम, विल्यमचा जॉन, जॉनचा इव्हान. तीन पिढ्या, तीन निराळी नावे, पण उंबरठा एकच.

हे उदाहरण कल्पित असले तरी इतिहासात त्याला आधार आहे. वेल्सच्या वायव्येस अँग्लसी हे बेट आहे. तेथील लॅनविहँगेल त्रेर बेर्द या गावी मॉरिस प्रिचर्ड म्हणजे रिचर्डचा मुलगा मॉरिस राहत असे. त्याचे मुलगे लुइस, रिचर्ड, विल्यम व जॉन हे वेल्श साहित्यात प्रसिद्ध आहेत, पण प्रिचर्ड म्हणून नव्हे, 'मॉरिस बंधू' म्हणून! त्याच गावी १६७५ साली शॉन जॉर्ज नावाच्या शेतकऱ्यास मुलगा झाला. शॉन म्हणजे जॉन. म्हणून मुलगा विल्यम जोन्स झाला. हाच तो गणिती, ज्याने १७०६ साली वर्तुळाच्या परिघाचे व्यासाशी असलेले गुणोत्तर दाखविण्यासाठी 'पाय' हे ग्रीक अक्षर प्रथम योजिले.

आणि या गणितज्ञाचा मुलगा आपणा भारतीयांस चांगलाच परिचित आहे. १७८३ साली न्यायाधीश म्हणून कलकत्त्यास आलेले, १७८४ साली एशियाटिक सोसायटी स्थापणारे, 'शाकुंतला'चे इंग्रजी भाषांतर करणारे ते सर विल्यम जोन्स! संस्कृत, ग्रीक व लॅटिन या एकाच मुळाच्या शाखा असाव्यात, आणि केल्टिक भाषाही त्याच कुळातील असाव्यात, असे त्यांनी १७८६ साली सांगितले. वेल्श भाषा केल्टिकच. तिच्यात नऊ या आकड्यास 'नाउ' म्हणतात, तेव्हा हे दूरचे नाते कानालाही पटते. भाषांची वंशावळ लावणारा हा पुरुष जन्मला लंडनमध्ये, तीन वर्षांचा असतानाच पित्यास मुकला, आणि त्याला जगातील सर्व भाषा येतात, फक्त स्वतःची तेवढी येत नाही, असे त्याच्याविषयी विनोदाने म्हटले जाई. १७९४ साली तो कलकत्त्यात वारला. साउथ पार्क स्ट्रीटच्या दफनभूमीत त्याच्या थडग्याचा उंच स्तंभ आहे. अँग्लसीच्या शेतवाडीपासून कलकत्त्याच्या स्तंभापर्यंत अवघ्या तीन पिढ्या, आणि तेवढ्यात भाषा हरपली.

आज वेल्समध्ये या साक्षीदारांवर संकट आले आहे. अनेक जुनी प्रार्थनामंदिरे बंद पडून विकली जात आहेत. नवे मालक वाड्यांची वेल्श नावे पुसून इंग्रजी नावे ठेवतात, अशी तेथील जनतेची तक्रार आहे. १९६५ साली लिव्हरपूल शहराच्या पाण्यासाठी कापेल केलिन हे गाव प्रार्थनामंदिर आणि शाळेसकट जलाशयाखाली गेले. वाडीचे नाव गेले की पाच इव्हान जोन्समधील आपला कोणता, हे सांगणारे कोणी उरत नाही. म्हणूनच तेथील वंशेतिहास-मंडळांचे सभासद थडग्यांवरील लेख गावोगाव फिरून उतरवून घेत आले आहेत.

वेल्श माणसाचे नाव बदलत गेले, पण घर राहिले. आपणा परप्रांतस्थ मराठी मंडळींचे बरेचसे उलट झाले. आडनावाच्या शेवटी 'कर' लागून गावाचे नाव पिढ्यानुपिढ्या सोबत आले. ते गाव मात्र घरातील कोणी पाहिलेले नाही, आणि पणजीचे माहेर कोणते होते, हे सांगणारी जीभ आता एखादीच उरली असेल. घरातील जुन्या छायाचित्रामागे, जुन्या खरेदीखतासोबत, एका कागदावर तीन गोष्टी लिहून ठेवाव्यात: हे कोण, कोणाचे कोण, आणि कोठले. वृद्ध मंडळी जवळ आहेत तोवर हे काम एका दुपारचे आहे. पुढे मात्र त्यासाठी दप्तरे धुंडाळण्यात वर्षे जातील.