‘कोण तो?’ हे नंतर विचारा

पंधरा-सोळा वर्षांची मुलगी गरोदर आहे हे कळलं की घरात पहिला प्रश्न येतो, ‘कोण तो?’ आणि दुसरा, ‘लोक काय म्हणतील?’ पोरगी जेवत नाही, झोपत नाही, तासन्‌तास भिंतीकडे बघत बसते, याची चौकशी कुणीच करत नाही. ‘चूक केली, आता रडते’ म्हणून मोकळे होतात! आईबाबांनो, हे नैराश्य असू शकतं, आणि नैराश्य हा आजार आहे.

तिला थेट विचारा, ‘बेटा, मरून जावं असं वाटतं का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. ‘हो’ म्हणाली तर तिला एकटं सोडू नका. त्याच दिवशी मेडिकलच्या मानसोपचार विभागात न्या. रात्री-बेरात्री टेलि-मानसला १४४१६ वर फोन लावा. आधीपासून गोळ्या सुरू असतील तर ‘बाळाला बाधतील’ म्हणून परस्पर बंद करू नका.

बदनामीच्या भीतीने भलत्याच ठिकाणी चोरून गर्भपात करण्याचा विचार तर सोडाच. अल्पवयीन मुलीचा गर्भपात २४ आठवड्यांपर्यंत कायद्याने होऊ शकतो. मात्र तिच्या मनाविरुद्ध नाही. पॉक्सोखाली पोलिसांना कळवणं आम्हाला बंधनकारक आहे, हे खरं. पण मुलीने आणि पालकांनी विनंती केली तर डॉक्टरने त्यात तिची ओळख देण्याची गरज नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ लाच सांगितलंय. मग लपवालपवी कशासाठी?

दवाखान्यात न्याल तेव्हा तिला डॉक्टरशी एकटीला बोलू द्या. तुम्ही दहा मिनिटं बाहेर बाकावर बसा.