बंदुकीविना शिकार

सप्तव्यसनांत शिकारीची गणना आहे, हे पाठशाळेतील मुलालाही ठाऊक असते. या व्यसनाचा त्याग मात्र आपल्याला सर्वांत सोपा वाटतो. हाती बंदूक नाही, शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदीच आहे. मग त्यागायचे ते काय?

९ डिसेंबर २०२० रोजी पुण्यात कोथरूडला एक गवा शिरला. वाट चुकला, एवढाच त्याचा अपराध. बघ्यांची गर्दी उसळली, आरडाओरडा झाला, तो सैरावैरा धावला, रक्तबंबाळ झाला. अखेर भूल देऊन त्याला पकडले. पण तो वाचला नाही. बघ्यांपैकी कोणाच्या मनात त्याला मारण्याचा हेतू नसावा. आचार्य उमास्वामींनी हिंसेच्या व्याख्येत प्रमादाला प्रथम स्थान का दिले, हे ती दृश्ये पाहताना जितके उमगले, तितके प्रवचने ऐकून उमगले नव्हते.

अमेरिकेत प्राणी मारण्यासाठीच रानात जाणाऱ्यालाही आधी शिकावे लागते. न्यूयॉर्क राज्याने १९४९ मध्ये नवख्या शिकाऱ्यांना प्रशिक्षण सक्तीचे केले. पुढे इतर राज्यांनीही तो मार्ग धरला. बंदूक नेहमी भरलेलीच समजावी, लक्ष्यामागे काय आहे ते पाहिल्याविना चापाला बोट लावू नये, आपला मार्ग व परतण्याची वेळ घरी सांगून निघावे, असे त्यातले धडे. मारण्याचा भाग आपल्याला सर्वथा त्याज्य. परंतु मारायला जाणारा इतकी तयारी करतो आणि नुसते पाहायला जाणारे आपण काहीच करीत नाही, हे विचित्र नव्हे काय?

थंडी पडली की जयसिंगपुराहून युवक मंडळांच्या गाड्या दाजीपूरला निघतात. कोल्हापूर संस्थानच्या छत्रपतींचे हे शिकारीचे राखीव रान. १९५८ मध्ये ते गव्यांसाठी अभयारण्य झाले. आपल्या चार दानांतील अभयदान शासनाने जणू एका अख्ख्या रानाला दिले. तेथे आपण कर्णे घेऊन जावे, हे शोभत नाही. (माकडांपुढे फरसाण टाकणे म्हणजे जीवदया, ही समजूतही आता सोडावी.)

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी मंदिराच्या सभागृहात तासभर नवख्यांना शिकवावे. गवा दिसला तर जागीच थांबावे, हळूहळू मागे सरावे. त्याची परतीची वाट अडवू नये, गाय व वासरू यांच्यामध्ये तर मुळीच येऊ नये. एकट्याने वाट सोडू नये. मुनिमहाराज ईर्यासमिती पाळताना चार हात भूमी न्याहाळून पाऊल टाकतात. आपण तसे चाललो तर मुंगी वाचेल आणि पाचोळ्यातील फुरशापासून आपणही वाचू. तरीही दंश झालाच, तर चिरा देणे, आवळून बांधणे, विष चोखणे यांपैकी काहीही करू नये. तो अवयव हलू न देता, धीर देत, रुग्णाला सर्पदंशाची लस असलेल्या रुग्णालयात तातडीने न्यावे. असे जवळचे रुग्णालय कोणते, याची चौकशी निघण्यापूर्वीच केलेली असावी.

आणि गवा किंवा बिबट्या आपल्याच उसाच्या फडात आल्याचे कळले, तर १९२६ या क्रमांकावर वनखात्याला कळवावे. मोबाइल घेऊन तिकडे धावणाऱ्या आपल्या मुलाला दारातच थांबवावे.