आमदाराचा हिशेब, एक रुपयात

निवडणूक जवळ आली की दाराच्या फटीतून एक गुळगुळीत पुस्तिका आत सरकते : ‘कार्यअहवाल’. माझ्याकडे अशा बऱ्याच साठल्या आहेत. पक्ष निरनिराळे, आमदार निरनिराळे, पण मजकूर एकाच हातचा वाटावा इतका सारखा. पहिल्या पानावर साहेब हात जोडून उभे, दुसऱ्यावर नारळ वाढवताना, तिसऱ्यावर कुदळ मारताना. पुढे शेवटपर्यंत तक्ता : अमुक गल्लीत पेव्हर ब्लॉक बसवणे, तमुक देवळापुढे सभामंडप बांधणे, स्मशानभूमीला शेड उभारणे. तळाशी कोटींतली बेरीज. एका रविवारी मी हा सगळा गठ्ठा नेटाने वाचून काढला. सभागृहात कुठला प्रश्न विचारला, कुठल्या विधेयकावर तोंड उघडलं, याला कुणी अर्धं पानही दिलेलं नाही. निवडणुकीचा खर्च कुणी उचलला, याची तर ओळही नाही.

पुस्तिका छापणाऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. गिऱ्हाईक मागतं तेच दुकानदार मांडून ठेवतो. आपणच वर्षानुवर्षं आमदाराला एकच प्रश्न विचारत आलो : निधी किती आणला? माझं म्हणणं असं, की हा प्रश्नच चुकला आहे. पण आधी त्याची बाजू घेणाऱ्यांचं ऐकून घेऊ.

ते म्हणतात, ‘तुम्हा लिहिणाऱ्यांचं ठीक आहे. आमच्या वस्तीत पावसाळ्यात गुडघाभर चिखल होतो. तो लक्षवेधी सूचनेने हटत नाही, रस्त्याने हटतो. आणि रस्त्याला निधी लागतो.’ चिखल खरा आहे, त्यामुळे हे म्हणणं उडवून लावता येत नाही. पण निधीचं गणित तरी बघा. आमदार स्थानिक विकास निधी वर्षाला ५ कोटी रुपये. तो विधानसभेच्या २८८ पैकी प्रत्येकाला मिळतो. रात्रीचा दिवस करणाऱ्याला मिळतो आणि पाच वर्षं झोपा काढणाऱ्यालाही. तो ‘खेचून आणला’ असं सांगणं म्हणजे एक तारखेला पगार झाला म्हणून स्वतःचा सत्कार करून घेणं. बाकीचा पैसा अर्थसंकल्पातला, म्हणजे तुमच्याआमच्या करांतला. आणि गल्लीतला चिखल हटवणं हे मुळात ग्रामपंचायतीचं किंवा नगरपालिकेचं काम. त्यांच्या हाती पुरेसा पैसा नि अधिकार का नाहीत, हे सभागृहात विचारायचं असतं. ते विचारणं आमदाराला परवडत नाही. सरपंच स्वतःच्या जोरावर रस्ता करू लागला, तर नारळ फोडायला यांना बोलावणार कोण?

या मापाचा दुसरा दोष याहून घातक आहे. या पाच कोटींपलीकडच्या निधीची चावी सरकारकडे असते. निधी हेच माप धरलं, तर विरोधी बाकांवरचा प्रत्येक आमदार निकामी ठरतो आणि बाक बदलणारा कर्तबगार. गेल्या काही वर्षांत महाराष्ट्राने पाहिलेल्या उड्या आठवा. ‘मतदारसंघाच्या विकासासाठी’ हीच गादी कितीतरी उड्यांखाली अंथरलेली होती. ती गादी आपणच शिवून दिली.

दुसरा आक्षेप जरा शहाणा आहे : ‘धोरण मंत्री ठरवतात, कायदे सचिव लिहितात. साध्या आमदाराने करायचं काय? पक्षादेश निघाला की हात वर.’ १९८५ च्या पक्षांतरबंदीनंतर मतदानाचा हात बांधला गेला, हे मान्य. जीभ मात्र मोकळी आहे. तारांकित प्रश्न, कपात सूचना, अर्धा तास चर्चा, अशासकीय विधेयक ही हत्यारं पहिल्यांदा निवडून आलेल्याच्या हातीही असतात. मृणाल गोरे विरोधी बाकांवर होत्या. गर्भलिंग तपासून मुली पाडण्याविरुद्ध रस्त्यावर स्त्रियांची चळवळ उभी होती, तेव्हा त्यांनी अशासकीय विधेयकाच्या वाटेने तो विषय विधानसभेत नेला. १९८८ साली महाराष्ट्राने अशा चाचण्यांवर निर्बंध घालणारा कायदा केला. देशातला तो पहिला. संसदेला तिथवर पोचायला १९९४ उजाडलं.

दुसरा दाखला तुमच्या पगारपत्रकातच सापडेल. कपातीच्या रकान्यात ‘व्यवसाय कर’ दिसेल : महिन्याला २०० रुपये, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २,५००. हा कर कशासाठी बसला, हे आज कापून घेणाऱ्यालाही सांगता येत नाही. १९७५ साली तो आला रोजगार हमी योजनेसाठी. शहरातल्या पगारदाराने दुष्काळी गावातल्या रिकाम्या हातांना काम पुरवावं, असा तो सौदा होता. ही योजना सुचवणारे वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती होते. सभापतीच्या खुर्चीला ना खातं असतं, ना योजना राबवायचा अधिकार. पाग्यांनी १९६५ साली आपल्या तासगाव तालुक्यात, विसापूर परिसरात प्रयोग करवून घेतला. १९७२ च्या दुष्काळात योजना राज्यभर गेली, १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २००५ चा देशव्यापी रोजगार हमी कायदा त्याच पायवाटेने आला. पाग्यांनी किती सभामंडप बांधले, हे कुणाला ठाऊक नाही. कुणाचं अडलंही नाही.

आता तिसरा आक्षेप, जो दबक्या आवाजात केला जातो : ‘पैशाचं सोडा हो. खर्च सगळेच करतात. फाटक्या खिशाने कोणी निवडून येतं का?’

विधानसभेच्या उमेदवाराला मोठ्या राज्यांत खर्चाची मर्यादा ४० लाख रुपये. २०२४ साली महाराष्ट्रात मतदार साडेनऊ कोटींहून अधिक होते, म्हणजे मतदारसंघामागे सव्वातीन लाखांच्या पुढे. भागाकार केला तर मतदारामागे जेमतेम १२ रुपये पडतात. एवढ्यात वडापावही धड येत नाही, आणि प्रचारात वडापाव तर पहिल्या दिवसापासून लागतो. जिल्हा निवडणूक अधिकारी चहापासून खुर्चीपर्यंत आणि मंडपापासून गाडीभाड्यापर्यंत दरपत्रक ठरवून देतात. यंत्रणा आपली वेगळी नोंदवही ठेवते. तरी निकालानंतर ३० दिवसांत दाखल होणारे हिशेब मर्यादेच्या आतच बसतात. गोपीनाथ मुंडे यांनी जून २०१३ मध्ये भर कार्यक्रमात सांगून टाकलं, की २००९ च्या लोकसभा निवडणुकीत आपले ८ कोटी खर्च झाले. तेव्हाची मर्यादा होती २५ लाख. निवडणूक आयोगाने त्यांना नोटीस काढली. पण श्रोत्यांतला कुणीही ‘हे काय भलतंच’ म्हणून दचकला नाही, यातच सगळं आलं.

‘मग मर्यादाच वाढवा,’ असं कोणी म्हणेल. वाढवून काय होणार? मर्यादा उमेदवाराला आहे, पक्षाला नाही. १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने कंवरलाल गुप्ता खटल्यात पक्षाने केलेला खर्चही उमेदवाराच्या खात्यात धरला. निकालाची शाई वाळायच्या आत सरकारने कायदा बदलून तो धुऊन काढला. शिवाय मोजणी सुरू होते अर्ज भरल्यापासून. त्याआधी वर्षभर चाललेले महोत्सव, देवदर्शनाच्या बसगाड्या नि हळदीकुंकू हिशेबात येतच नाहीत. वर पक्षांना देणाऱ्यांची नावं झाकणारे निवडणूक रोखेही आले. ते १५ फेब्रुवारी २०२४ रोजी न्यायालयाने घटनाबाह्य ठरवले, तोवर सहा वर्षं उलटली होती.

‘सगळेच करतात’ म्हणणारा एक गोष्ट विसरतो. पैसा देणारा दानधर्म करत नसतो. मर्यादेवरचे कोटी ज्या बिल्डरने, कंत्राटदाराने किंवा वाळूवाल्याने पुरवले, त्याच्याविषयी तारांकित प्रश्न कोण विचारणार? ज्याचं मीठ खाल्लं त्याच्या कंत्राटावर कपात सूचना येत नाही. खर्च आणि सभागृहातलं काम हे दोन वेगळे विषय नाहीत. कार्यअहवालात प्रश्नांचं पान कोरं का, याचं उत्तर खर्चाच्या न छापलेल्या पानावर असतं.

इथे हमखास गणपतराव देशमुखांचं नाव निघतं. सांगोल्याहून ११ वेळा विधानसभेत गेलेले शेकापचे आमदार. १९६२ ला पहिल्यांदा, २०१४ ला शेवटचे. त्यांची आठवण निघाली की लोक एसटीचा प्रवास सांगतात, डोळे पुसतात आणि विषय मिटवतात. हे मला मान्य नाही. साधेपणा हे कर्तृत्व नव्हे. एसटीने फिरणारा माणूसही सभागृहात मुका बसू शकतो. गणपतरावांचं मोल दुसरीकडे आहे. लोकवर्गणीवर निवडणूक लढल्यामुळे त्यांना कुणाचं देणं नव्हतं, म्हणून कृष्णेचं पाणी दुष्काळी तालुक्यांना मागताना कुणाची भीडही नव्हती. १९९३ पासून नागनाथअण्णा नायकवडींच्या बरोबरीने आटपाडीच्या पाणी परिषदा, आणि तीच मागणी सभागृहात, वर्षामागून वर्षं. ती वाट फार लांबली, हेही सांगितलं पाहिजे. १९९५ साली सांगोल्याने त्यांना १९२ मतांनी पाडलं. मतदाराने त्यांच्याही हिशेबाला सूट दिली नाही, हे चांगलंच झालं. चार वर्षांनी त्याच मतदाराने त्यांना परत पाठवलं.

माप बदलायचं तर ते काही अवघड नाही. वर्षातल्या तीन अधिवेशनांत काय विचारलं, हे विधिमंडळाच्या कामकाजात छापलेलं असतं. किती मालमत्ता आणि किती गुन्हे, हे २००२-०३ च्या न्यायालयीन निकालांपासून शपथपत्रात लिहावं लागतं. मागच्या आणि या वेळचं शपथपत्र शेजारी ठेवलं की वाढ डोळ्यांना दिसते. आणि खर्चाचा हिशेब? निवडणूक संचालन नियमांतला ८८ वा नियम सांगतो, की जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे एक रुपया शुल्क भरून कुणीही माणूस तो पाहू शकतो. आपल्यावर कागदोपत्री १२ रुपये खर्च होतात; त्यांतला एक आपण कधी उलटून खर्च केलाय का?

चार जणांनी मिळून एकदा जा. हिशेब उघडा, मंडपाचं भाडं बघा, गाड्या किती दाखवल्यात ते मोजा. प्रचारात आपल्या चौकातून किती गेल्या होत्या, हे तुम्हाला आठवत असेलच. मग पुढच्या खेपेला कार्यअहवाल घेऊन साहेब स्वतः दारात येतील, तेव्हा त्यांना पाणी द्या, पुस्तिका चाळा आणि शांतपणे परत करा. म्हणावं, यातलं एक पान गळलंय, तेवढं घालून आणा.