मनांतले मांडे आणि नवा भिक्षुक



मनांतल्या मांड्यांनीं कोणाचें पोट भरलें नाहीं, हें तुम्हांस सांगावयास आम्ही नकोत. पण हे मांडे आतां रोख पैसे मोजून विकले जात आहेत, आणि ते विकत घेणारांत आपलेच लोक पुढें आहेत. म्हणून आज हा विषय हातीं घेणें भाग पडलें.

आमचे एक वाचक सुतारकाम करणारे गृहस्थ आहेत. तालुक्याच्या गांवीं एका मंगल कार्यालयांत दोन दिवसांचें शिबिर भरलें, तेथें ते तीन हजार रुपये भरून गेले. व्यासपीठावर कोट घातलेला एक उपदेशक उभा होता. तो म्हणाला, "सारें जग विचारांचें बनलें आहे. तुम्ही ज्याचा विचार कराल, तें तुमच्याकडे ओढलें जातें. श्रीमंत हा श्रीमंतीचा विचार करतो म्हणून श्रीमंत. गरीब हा गरिबीचा विचार करतो म्हणून गरीब. कर्जाचा विचार सोडा, कर्ज तुम्हांस सोडील." मग प्रत्येकाला एक वही दिली, आणि 'माझ्याकडे धन येत आहे' हें वाक्य रोज 108 वेळां लिहावयास सांगितलें. आमच्या सुतारभाऊंनीं तीन महिने इमानानें वही भरली. धन आलें तें उपदेशकाकडे! सोसायटीचें व्याज मात्र, विचार सोडला तरी, चढतच राहिलें. त्यांनीं फोन करून विचारलें, तेव्हां उत्तर मिळालें, "तुमच्या मनांत शंका होती, म्हणून फळ आलें नाहीं. पुढच्या शिबिराला या."

वाचकहो, हें उत्तर ओळखीचें वाटतें ना? आपल्या आज्या-पणज्यांनीं तें ऐकलेलें आहे. पाऊस पडला नाहीं, तर अनुष्ठानांत खोट राहिली. मूल दगावलें, तर नवस फेडावयाचा राहिला. जमीन सावकाराच्या घशांत गेली, तर मागल्या जन्मींचें पाप. गुण आला तर मंत्राचा, न आला तर रोग्याचा दोष. असा हा कधींहि न बुडणारा धंदा आहे. जुना भिक्षुक म्हणे, तुझें मागल्या जन्मींचें कर्म वाईट. नवा भिक्षुक म्हणतो, तुझा ह्या जन्मींचा विचार वाईट. दोघांचा निकाल एकच. सावकार निर्दोष, बाजार निर्दोष, सरकार निर्दोष. गुन्हेगार काय तो एकटा तूं! ह्या नव्या भिक्षुकाची जात कोणतीहि असो, पुष्कळदां तो आपल्यांतलाच असतो. पण धंदा तोच.

हें ज्ञान आपल्या ऋषिमुनींचें, असें सांगून तें विकलें जातें. हा माल खरा कोठला, तें पाहूं. अमेरिकेंत मेन नांवाच्या राज्यांत फिनिअस क्विंबी (1802–1866) हा घड्याळें करणारा एक कारागीर होता. तो पुढें रोग बरे करूं लागला. त्याच्याबरोबर एक तरुण असे. तो तंद्रींत जाऊन रोग्यास औषध सांगे. महागड्या औषधाच्या जागीं स्वस्त औषध दिलें तरी रोगी तसाच बरा होतो, असें क्विंबीच्या ध्यानांत आलें. त्यानें अनुमान काढलें कीं, गुण औषधाचा नव्हे, रोग्याच्या विश्वासाचा. येथवर हा कारागीर डोळस होता. पण मागून आलेल्यांनीं लांब उडी मारली. विश्वासानें दुखणें हलकें होतें, तर विश्वासानें पैसाहि कां येऊं नये? 1906 सालीं विल्यम वॉकर ॲटकिन्सन यानें विचारांच्या 'आकर्षणाचा नियम' सांगणारें पुस्तक काढलें. हाच गृहस्थ 'योगी रामचारक' हें टोपणनांव घेऊन योगाचीं पुस्तकें लिही. मालावर ऋषींचा शिक्का कसा बसतो, हें यावरून समजावें! 1910 सालीं वॉलेस वॉटल्सनें श्रीमंत होण्याचें 'शास्त्र' लिहिलें. 1937 सालीं नेपोलियन हिलनें विचार करून श्रीमंत कसें व्हावें, याचें पुस्तक छापलें. हें साल ध्यानांत ठेवा. 1929 सालीं त्या देशाचा शेअरबाजार कोसळला आणि 1933 सालीं तेथें सुमारें चारांतला एक कामकरी बेकार होता. ह्या सगळ्यांनीं एका दिवशीं उठून गरिबीचा विचार करावयास आरंभ केला होता काय? बँका बुडाल्या, कारखाने बंद पडले, म्हणून ते रस्त्यावर आले. पण हें सांगणारापेक्षां मांडे विकणाराचें पुस्तक अधिक खपलें. 2006 सालीं रॉन्डा बर्न हिनें तीच शिळी कढी 'रहस्य' म्हणून पुन्हां ऊत आणून वाढली, आणि आज ती आपल्या मंगल कार्यालयांत वाढली जात आहे.

मग विचारांत व विश्वासांत कांहींच बळ नाहीं, असें आमचें म्हणणें आहे काय? मुळींच नाहीं. आहे तें आहे म्हणावें आणि नाहीं तें नाहीं म्हणावें, हा आमचा बाणा आहे.

2002 सालीं अमेरिकेंतील ह्यूस्टन येथील डॉक्टरांनीं गुडघेदुखीच्या 180 रोग्यांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. रोग्यांची आधीं संमति घेतली होती. कांहींच्या गुडघ्यांत खरी शस्त्रक्रिया केली, कांहींच्या गुडघ्यावर नुसत्या वरवर चिरा पाडून टांके घातले. कोणास काय केलें, हें रोग्यास ठाऊक नव्हतें. दोन वर्षें तपास ठेवला, तेव्हां दिसून आलें कीं, नुसत्या चिरा पाडलेल्यांचें दुखणें खरी शस्त्रक्रिया झालेल्यांइतकेंच हलकें झालें होतें. विश्वासाचें बळ तें हें. आम्ही तें नाकारीत नाहीं.

आतां दुसरा प्रयोग ऐका. तो 2011 सालीं प्रसिद्ध झाला, आणि बोस्टनच्या डॉक्टरांनीं दम्याच्या रोग्यांवर केला होता. रोग्यांस विचारलें, किती बरें वाटतें? खरें औषध ओढलें तेव्हां त्यांनीं सांगितलें, शंभरांत 50 गुण. औषध म्हणून नुसती पोकळ फवारणी दिली, तेव्हां सांगितलें 45. कांहींच दिलें नाहीं, तेव्हां 21. म्हणजे पोकळ फवारणीनेंहि खऱ्या औषधाइतकेंच बरें वाटलें. पण डॉक्टरांनीं यंत्रावर श्वासहि मोजला होता. खऱ्या औषधानें श्वास शेंकडा 20 नें वाढला. पोकळ फवारणीनें शेंकडा 7. आणि कांहींच न देतांहि शेंकडा 7! विश्वासानें वाटणें बदललें, छाती बदलली नाहीं. ज्या दमेकऱ्याला हा भेद कळला नाहीं, तो 'आतां बरें आहे' म्हणत म्हणत एके रात्रीं प्राणास मुकेल.

कर्जदाराचेंहि तसेंच. शिबिरांतून परततांना दोन दिवस छाती हलकी वाटते. पण खातें उघडून पाहावें तर आंकडा तोच. विश्वासाची सत्ता माणसाच्या वेदनेवर आणि उमेदीवर चालते. ढगावर, तोलकाट्यावर आणि सावकाराच्या वहीवर चालत नाहीं.

पण एक ठिकाण असें आहे कीं, तेथें समजूत खरोखरच जग घडविते. आणि त्याविषयीं हे कोटवाले उपदेशक अवाक्षर काढीत नाहींत. तें ठिकाण म्हणजे माणसानें माणसाविषयीं धरलेली समजूत. कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे ह्या दोन विदुषींनीं उत्तर प्रदेशांतील खेड्यांत एक प्रयोग केला; त्याचा अहवाल 2004 सालीं निघाला. वरच्या म्हटलेल्या जातींचे 321 आणि खालच्या म्हटलेल्या जातीचे 321 शाळकरी मुलगे घेतले. कागदावर वाट शोधून काढण्याचीं चक्रव्यूहाचीं कोडीं दिलीं. जितकीं सुटतील तितके पैसे. जात उच्चारली नाहीं, तेव्हां दोहोंत म्हणण्यासारखा फरक पडला नाहीं. मग दुसऱ्या तुकड्यांत सर्वांसमक्ष प्रत्येकाचें नांव, गांव, बापाचें व आजाचें नांव आणि जात वाचून दाखविली. बस्स, एवढेंच केलें! खालच्या म्हटलेल्या मुलांनीं सोडविलेलीं कोडीं सुमारें पांचव्या हिश्शानें घटलीं.

कोडें तेंच, पेन्सिल तीच, मेंदू तसेच. मग हा पांचवा हिस्सा कोणीं नेला? 'तूं खालचा, तुला हें यावयाचें नाहीं' ही जी समजूत शेंकडों वर्षें कानांत ओतली, तिनें नेला. आधीं म्हणावयाचें कीं ह्यांना बुद्धि नाहीं. त्या म्हणण्यानेंच मुलाचा हात थरथरतो. मग थरथरणारा हात दाखवून म्हणावयाचें, पाहा, आम्ही म्हणत होतों तें खरें! असें हें खोट्याचें खरें होतें.

आणि हें पाप इतरांच्याच माथीं मारून आम्ही मोकळे होणार नाहीं. 'आपल्या कुळांत कोणाला गणित आलें आहे?' असें आपलाच बाप मुलाला म्हणतो. 'पोरीच्या जातीला शिकून काय करावयाचें?' असें आपलीच आजी म्हणते. आणि आपल्याला खालीं लेखणाऱ्यावर चिडणारा कुणबी आपल्या शेजाऱ्याला खालीं लेखतांना मागेंपुढें पाहत नाहीं. त्या मुलांच्या कोड्यांचा पांचवा हिस्सा आपल्या घरांतहि रोज चोरीस जात आहे.

ही समजूत मोडते कशानें? वहींत 108 वेळां 'मी हुशार आहे' असें लिहून नव्हे. महात्मा फुल्यांच्या पुण्यांतील शाळेंत मुक्ता साळवे ही मांग जातीची मुलगी शिकत होती. 1855 सालीं तिनें मांग-महारांच्या दुःखाविषयीं लिहिलेला निबंध 'ज्ञानोदय' पत्रांत छापून आला. ज्या जातीला अक्षर वर्ज्य मानलें होतें, त्या जातीची पोर छापील अक्षरांत जाब विचारती झाली. तिला कोणी धनाचें ध्यान करावयास लावलें नव्हतें. पाटी दिली होती, आणि 'तुला येईल' म्हणणारे गुरुजी दिले होते.

दुसरा दाखला महाडचा. 1923 सालीं सीताराम केशव बोले यांनीं मुंबईच्या कायदेकौन्सिलांत सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले करण्याचा ठराव पास करून घेतला. 1924 सालीं महाडच्या नगरपालिकेनेंहि चवदार तळें खुलें केल्याचा ठराव केला. ठराव कागदावर होता, पाणी तळ्यांत होतें. पण मधें समजूत उभी होती. 20 मार्च 1927 रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारों लोकांसह तळ्यावर गेले आणि ओंजळीनें पाणी प्याले. पाण्याला कांहीं झालें नाहीं. त्याच दिवशीं त्यांच्या माणसांवर मात्र लाठ्या पडल्या, आणि मागाहून तळें 'शुद्ध' करून घेण्यांत आलें. त्याच वर्षीं नगरपालिकेनें आपला ठराव फिरविला. अखेर 1937 सालीं मुंबई हायकोर्टानें अस्पृश्यांच्या बाजूनें निकाल दिला. विटाळ ही नुसती समजूत होती, पण त्या समजुतीच्या हातांतली काठी खरी होती. ती डोळे मिटून मोडली नाहीं. ती पायांनीं, ओंजळीनें आणि दहा वर्षांच्या दाव्यानें मोडली.

तात्पर्य, विचार हें बियाणें आहे. बियाण्यावांचून पीक नाहीं, हें खरें. पण बियाणें मुठींत धरून बांधावर बसणाराच्या शेतांत काय उगवेल, हें शेतकऱ्याला शिकविण्याची गरज नाहीं.

म्हणून मांडे विकणारा आपल्या गांवीं आला, तर भर सभेंत त्याला तीन प्रश्न विचारा. विचारानें धन येतें, तर तुम्ही आमच्याकडून फी कां घेतां? फळ आलें नाहीं तर पैसे परत देण्याचें लिहून देतां काय? आणि ज्या सालीं सगळ्या तालुक्यांत पाऊस पडला नाहीं, त्या सालीं सगळ्या तालुक्याच्या मनांत एकदम शंका शिरली होती काय? तिसऱ्या प्रश्नापर्यंत तो व्यासपीठावर राहिला, तर आम्हांस अवश्य कळवा.

आमच्या सुतारभाऊंनीं ती वही फेकली नाहीं. उरलेल्या कोऱ्या पानांवर ते आतां लाकूड, खिळे, मजुरी आणि येणें यांचा हिशेब लिहितात. पहिल्याच महिन्यांत त्यांस कळून आलें कीं, दाराच्या चौकटीचा दर सांगतांना ते स्वतःची मजुरीच धरीत नव्हते. त्यांनीं दर वाढविला. दोन गिऱ्हाइकें गेलीं, बाकीचीं राहिलीं. कर्ज अजून फिटलेलें नाहीं. पण तें किती आहे, कशानें झालें आणि किती चौकटींनीं फिटेल, हें आतां त्यांच्या वहींत लिहिलेलें आहे. आणि संध्याकाळीं तो हिशेब त्यांची सहावींतली मुलगी तपासते.