चालती करा, पण खोटी करू नका!

'सेव्हिंग प्रायव्हेट रायन' (१९९८) न पाहिलेला माणूस हॉस्टेलवर सापडणं कठीण. त्यातली शेवटची लढाई आठवा. जर्मन रणगाड्यांना गल्लीत ओढून आणण्यासाठी अमेरिकन सैनिक एक विचित्र गाडी पळवतात. पुढून मोटारसायकल, मागून रणगाडा! तिचं नाव केटनक्राड, बनवणारी जर्मनीची एनएसयू कंपनी. ही गाडी अस्सल आहे. पण समोरून येणारे ते भयानक 'टायगर' रणगाडे मात्र नकली, रशियन टी-३४ वर सांगाडे चढवून केलेले. सिनेमात हे चालतं, कारण सिनेमा म्हणजे शेवटी नाटकच. पण हाच प्रकार 'जतन' या नावाखाली व्हायला लागला तर? माझा आक्षेप तिथे आहे.

पुढे चाकं आणि मागे रणगाड्यासारखे पट्टे असलेल्या गाडीला हाफ-ट्रॅक म्हणतात. केटनक्राड हे त्या जर्मन घराण्यातलं शेंडेफळ. सगळ्यात प्रसिद्ध म्हणजे हानोमाग कंपनीच्या नावाने ओळखली जाणारी '२५१' ही चिलखती गाडी. पुढे दोघं, मागे दहा सैनिक, वरून उघडी. १९३९ ते १९४५ या काळात अशा सुमारे १५ हजार गाड्या बनल्या. बऱ्याचशा युद्धात गेल्या, उरलेल्या भंगारात. आज त्यातल्या फारच थोड्या शिल्लक आहेत.

आता मेकॅनिकलवाल्यांनी नीट वाचा, बाकीच्यांनी हा परिच्छेद ऑप्शनला टाकला तरी चालेल. पट्टा म्हणजे लोखंडी कड्यांची साखळी असं आपण समजतो. जर्मनांनी इथे प्रत्येक कडीच्या पिनला नीडल रोलर बेअरिंग दिलं, आत वंगण, सील आणि कडीवर रबराचं पॅड! म्हणून आठेक टनांचं हे धूड रस्त्यावर ताशी ५० किलोमीटरने पळायचं. स्टीअरिंग थोडं फिरवलं तर फक्त पुढची चाकं वळतात, जास्त फिरवलं की आतल्या बाजूच्या पट्ट्याला आपोआप ब्रेक लागतो. पट्ट्याची चाकं एकमेकांत गुंतवलेली, म्हणजे आतलं एक काढायचं तर आधी बाहेरची उतरवा. रशियाच्या थंडीत त्यांच्यात चिखल गोठून गाडी जाम व्हायची. थोडक्यात, डिझाईनला डिस्टिंक्शन आणि मेंटेनन्सला केटी!

अशी गाडी ऐंशी वर्षांनंतर दुरुस्त करणं किती अवघड असेल बघा. रबर कुजलेलं, सील गेलेले, बेअरिंग गंजलेली. मग एक शॉर्टकट निघतो. युद्धकाळात जर्मनांच्या ताब्यातल्या चेक कारखान्यांतही '२५१' बनत होती. पुढे १९५० च्या दशकाच्या अखेरीस चेकोस्लोव्हाकियाने तिच्यावरूनच 'ओटी-८१०' काढली. पाण्याने थंड होणाऱ्या मेबॅख पेट्रोल इंजिनाच्या जागी टाट्राचं (आपला टाटा नव्हे, लष्करी ट्रकवाली टाट्रा) एअर-कूल्ड डिझेल इंजिन, वर चिलखती छत आणि बिनबेअरिंगचे साधे पट्टे. आज सिनेमात आणि हौशी लोकांच्या नकली लढायांत दिसणाऱ्या कित्येक '२५१' या मुळात ओटी-८१० असतात. छत कापायचं, पत्रे बदलायचे, जर्मन रंग आणि क्रॉस मारायचा, झालं काम!

लोक म्हणतात, बिघडलं कुठे? बिघडलं असं, की आपण एक खरी गाडी मारून तिच्यातून एक खोटी तयार केली. नाझींनी गिळलेला देश युद्धानंतर त्यांचीच गाडी सुधारून स्वतःच्या सैन्याला देतो, हाही इतिहासच आहे ना? कटर फिरला की तो गेला.

दुसरा वाद आहे तो अस्सल गाड्यांचा. एक पक्ष म्हणतो, इंजिन सुरू झालं नाही तर ते नुसतं भंगार. दुसरा म्हणतो, हातच लावू नका. मला पहिल्या पक्षाचं अर्धं म्हणणं पटतं. ते स्टीअरिंग कसं चालतं हे आकृतीपेक्षा चालती गाडी दहापट चांगलं शिकवते. पण 'शोरूम कंडिशन'च्या नादात काय पुसलं जातं? १९४३ पासूनच्या 'ड' आवृत्तीत मागचा भाग सरळसोट केला, पत्र्यांची संख्या कमी केली, कारण झटपट उत्पादन हवं होतं. देश मेटाकुटीला आल्याचा तो पुरावा आहे. वेल्डिंग, जुन्या रंगाचे थर, गोळीचं भोक हेही पुरावेच. सँडब्लास्टिंगमध्ये रंग साफ होतो आणि उरलेलं पुट्टीखाली जातं.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. काही गाड्या जशा सापडल्या तशाच ठेवाव्यात. ज्या चालवायच्या त्यांचे बदललेले पार्ट खुणा करून नोंदवावेत, काढलेले जुने पार्ट फेकू नयेत. आणि पाटीवर खरं लिहावं. इंग्लंडच्या बॉव्हिंग्टन म्युझियममधला 'टायगर १३१' चालतो तो दुसऱ्या टायगरच्या इंजिनावर, कारण त्याचं मूळ इंजिन पूर्वीच कापून प्रदर्शनात ठेवलं होतं. म्युझियम हे उघडपणे सांगतं आणि त्याने टायगरची किंमत कमी होत नाही.

आता सगळ्यात टोकाचा प्रश्न : हिटलरच्या गाड्या जपायच्याच कशाला? प्रश्न रास्त आहे. कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला दुसरं महायुद्ध तारखा आणि तह यांत उरकून दिलं. पण या गाड्या बनवणाऱ्या जर्मन कारखान्यांत सक्तीने आणलेले परदेशी मजूर राबत होते, हे कोणी सांगितलं नाही. १९४४ च्या वॉर्सा उठावात पोलिश बंडखोरांनी एक '२५१' हिसकावून घेतली आणि पडलेल्या साथीदाराच्या टोपणनावावरून तिला 'करडा लांडगा' म्हणायला लागले, हेही नाही. गाडी जपायची ती या गोष्टी सांगण्यासाठी. नुसता चकचकीत क्रॉस बघून टाळ्या वाजवायच्या असतील तर नाही जपली तरी चालेल.

हे सगळं युरोपातलं, आपल्याला काय त्याचं? तर अहिल्यानगरच्या (आपल्या जुन्या नगरच्या) कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये जर्मनांची प्रसिद्ध ८८ मिलिमीटरची तोफ आहे. ती ओढायला आठ टनी हाफ-ट्रॅक असायचा, आणि त्याच सैन्याशी आपल्या हिंदी पलटणी उत्तर आफ्रिकेत आणि इटलीत लढल्या. एकदा जाऊन बघाच.

इन्स्पेक्शनच्या आदल्या दिवशी वर्कशॉपमधल्या लेथना हिरवा रंग कसा लागतो, हे आपल्याला नवीन नाही. रंगाने बेअरिंग बदलत नाही, हे आपण इंजिनिअर लोकांनी तरी विसरू नये. कोणाला पटलं नसेल तर मेसमध्ये भेटा, भांडू!

— तृतीय वर्ष, मेकॅनिकल