कोळंबी, झिंगे आणि पास्ता

मैत्रिणींनो, गेल्या महिन्यात आमच्या सूनबाईंचा वाढदिवस झाला. लग्न होऊन नागपूरला आल्यापासूनचा दुसरा. माहेर रत्नागिरीचं. "यंदा काय खायचं गं?" असं विचारलं, तर जरा लाजत म्हणाली, "आई, मासळीचा पास्ता. कॉलेजात असताना मुंबईला मैत्रिणींबरोबर खायचो." पास्ता मला ठाऊक होता, पण तो मुलांच्या डब्यातला, मक्याचे दाणे नि वर किसलेलं चीज घातलेला. त्यात कोळंबी, माकूळ, तिसऱ्या? म्हटलं, चला, शोधू या. एवढ्या मोठ्या शहरात इटालियन हॉटेलांना काय तोटा!

तीन रविवार, तीन हॉटेलं. नावं सांगत नाही. पहिल्या ठिकाणी पांढऱ्या सॉसमध्ये कोळंबी अक्षरशः चाळून काढावी लागली, आणि निघाली ती रबरासारखी. (आमच्या सासूबाई असत्या तर मासळी नि दूध एकत्र पाहून ताटावरून उठल्याच असत्या. त्याने कोड उठतं हा समज खरा नाही, पण त्या पास्त्यापुरतं त्यांचं उठणं मला पटलं असतं.) दुसरीकडे खेकडा म्हणून लाल-पांढऱ्या कांड्या आल्या. सूनबाईने एक तुकडा तोंडात टाकला नि हसली. तो खेकडा नव्हताच. स्वस्त पांढऱ्या माशाचा लगदा करून, त्याला रंग-वास लावून या कांड्या बनवतात. तिसरीकडे बशी टेबलावर आली तीच नाकाला झोंबत, अमोनियासारखा वास घेऊन. मी ती तशीच परत पाठवली. ह्यांना फार संकोच वाटला. "अहो, पैसे आपले नि पोटही आपलंच," म्हटलं.

सूनबाई मात्र शांतपणे म्हणाली, "राहू द्या आई. इथे असंच मिळायचं."

ते वाक्य मला लागलं. कारण ते मी पहिल्यांदा ऐकत नव्हते. मे महिन्याच्या उन्हाबद्दल ऐकलं होतं, घराजवळच्या नोकरीचा विषय निघाला तेव्हा ऐकलं होतं. पोरगी तक्रार कधी करत नाही, पण दोन वर्षं ती इथे पाहुणीसारखी राहतेय हे मला त्या टेबलावर कळलं.

सोमवारी सकाळी मी तिला घेऊन भोईपुऱ्याच्या मासळीबाजारात गेले. पापलेट, सुरमई पाहून तिचे डोळे चमकले. मी कोळणीला सरळ विचारलं, "ताजी आहे का?" ती म्हणाली, "खोटं कायले सांगू बाई? हा बरफाचा माल आहे. ताजं पाहिजे तं झिंगे न्या, भंडाऱ्याकडचे." झिंगे म्हणजे कोकणातली कोळंबीच, फक्त गोड्या पाण्यातली. सूनबाईने एक उचलून डोकं चेपून पाहिलं, घट्ट होतं. वास घेतला. अर्धा किलो घेऊनच उठली.

आपण नागपूरकर समुद्र म्हटलं की मुंबईकडे पाहतो. नकाशा उघडून पाहा, आपल्याला जवळचा समुद्र पूर्वेचा, काकिनाडा-विशाखापट्टणमचा. शिवाय देशात सगळ्यात जास्त कोळंबी आंध्रातल्या तळ्यांतच वाढवतात. तेव्हा हॉटेलात 'ताजी' हा शब्द ऐकून भुलू नका. नीट गोठवलेली कोळंबी ही चार दिवस बर्फात लोळलेल्या 'ताज्या'पेक्षा कधीही बरी. वेटरला मोकळेपणी विचारा, माल गोठवलेला की बर्फातला, कोणत्या दिवशी येतो? पूर्व किनाऱ्यावर 15 एप्रिल ते 14 जून आणि आपल्या पश्चिम किनाऱ्यावर जून-जुलैत यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. त्या दिवसांत समुद्राच्या ताज्या मासळीचा फार आग्रह धरू नये. तिसऱ्या मागवल्यात आणि शिजूनही शिंपलं मिटलेलंच राहिलं, तर ती बाजूला काढा. आणि घरात कुणी कोळंबी कधीच खाल्ली नसेल, तर पहिल्यांदा थोडीशीच द्या. अंगाला खाज सुटली, ओठ सुजले, तर थांबा. श्वास लागला तर थेट दवाखाना गाठा.

आता कृती. ती सूनबाईची, मी फक्त लसूण सोलला. झिंग्यांची डोकी नि सालं काढून पाठीतला काळा दोरा काढला. डोकी-सालं तेलात लाल होईतो परतून, दोन वाट्या पाणी घालून वीस मिनिटं उकळली नि गाळली. सगळी चव या पाण्यात असते. दुसऱ्या भांड्यात भरपूर मिठाच्या पाण्यात पास्ता टाकला आणि पाकिटावरच्या वेळेच्या दोन मिनिटं आधीच काढला. त्याचं वाटीभर पाणी राखून ठेवलं. पसरट कढईत तेल, सात-आठ पाकळ्या लसूण चिरून, एक सुकी मिरची. त्यात झिंगे दोन-तीन मिनिटंच, वळून गुलाबी झाले की बाहेर. पार वेटोळं झालं म्हणजे जास्त शिजलं! मग ते गाळलेलं पाणी, पास्ता, लागेल तसं राखलेलं पाणी, शेवटी झिंगे नि कोथिंबीर. गोड्या पाण्यातल्या झिंग्यांना समुद्राचा खारटपणा नसतो, म्हणून तिने माहेरून आलेली दोन आमसुलं त्या पाण्यात टाकली होती. मी चीज किसायला घेतलं तर तिने हात धरला. इटलीतही मासळीच्या पास्त्यावर सहसा चीज घालत नाहीत म्हणे.

ह्यांनी दोनदा वाढून घेतलं. मुलगा बोललाच नाही, त्याचं तोंड भरलेलं होतं. जेवण झाल्यावर विहीणबाईंचा व्हिडिओ कॉल आला. सूनबाई कढई दाखवत सांगत होती, "कोळंबी नाही गं आई. आमच्याकडे झिंगे म्हणतात."

पुढच्या खेपेला पाकिटातल्या पास्त्याऐवजी सरगुंडे वापरून पाहायचं आमचं ठरलंय. काडीवर कणीक गुंडाळून केलेल्या त्या पोकळ नळ्या म्हणजे पास्त्याचं सख्खं भावंडच की! आजवर आमरसाशीच खाल्ले. रवा बन्सी गव्हाचा आणलाय, तो तुटत नाही. जमलं तर मापासकट कळवीनच.