यंत्राचे मॉडेल बंद झाले तरी नोंद बंद पडू नये

कापडाच्या धंद्यात सर्वात जास्त वाद शेडवरून होतात. भिवंडीच्या मागावर विणलेले ग्रे कापड तारापूरला रंगायला जाते, तयार तागे परत येतात आणि त्यांतले काही वेगळ्याच छटेचे निघतात. दोष कुणाचा? व्यापारी रंगाईवाल्याकडे बोट दाखवतो, रंगाईवाला सुताकडे आणि सूतवाला आणखी कुणाकडे. बोळिंजला राहून इतकी वर्षे हा व्यापार करताना मी हेच पाहत आलो आहे की, अशा वेळी खरे बोलणारा साक्षीदार एकच असतो. तो म्हणजे रंगाईच्या वेळी झालेली तापमानाची नोंद.

पॉलिएस्टर कापड डिस्पर्स रंगाने रंगवायचे तर बंद यंत्रात, दाबाखाली, पाणी सुमारे १३० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावे लागते. उष्णता घाईने चढवली तर रंग सारखा बसत नाही. सेन्सर हे तापमान मोजतो आणि डेटा लॉगर नावाची छोटी पेटी ठरावीक वेळाने आलेले आकडे साठवून ठेवते. पूर्वी हेच काम कागदावर शाईची रेघ ओढणारा रेकॉर्डर करीत असे. तो कागद कुणालाही वाचता येई. पेटीतले आकडे मात्र पेटी आणि तिचे सॉफ्टवेअर चालू असेल तरच हाती लागतात.

अडचण इथेच आहे. केंद्र सरकारने १ एप्रिल १९९९ पासून वस्त्रोद्योगासाठी तंत्रज्ञान सुधारणा निधी योजना सुरू केली. व्याजात ५ टक्क्यांचा भार सरकारने उचलला आणि अनेकांनी इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाची यंत्रे घेतली. लोखंडी यंत्र नीट सांभाळले तर पंचवीस-तीस वर्षे चालते. त्यावरच्या इलेक्ट्रॉनिक पेटीचे मॉडेल मात्र कंपनी त्याच्या कितीतरी आधी बंद करते. मग सुटे भाग मिळत नाहीत. सॉफ्टवेअर विंडोज एक्सपीवर चालणारे असते आणि मायक्रोसॉफ्टने एक्सपीला आधार देणे ८ एप्रिल २०१४ रोजीच थांबवले. पेटीला जोडायची नऊ पिनांची जुनी केबल नव्या लॅपटॉपला लागतच नाही.

दोन वर्षांपूर्वी एका कारखान्यात माझा एक लॉट बिघडला. नोंद मागितली तेव्हा उत्तर मिळाले, "पेटी बंद आहे, कंपनी आता ती बनवत नाही." नुकसान निम्मे निम्मे वाटून घ्यावे लागले. चूक कुणाची, हे आजही ठरलेले नाही. मी तरी अर्ध्यावर सुटलो. साक्षीदार मुका झाला की वजनदार पार्टी सुटते आणि लहान कारीगराची मजुरी कापली जाते.

अशा वेळी विक्रेता सांगतो, "सेठ, सगळेच बदला." हे ऐकून लगेच चेकबुक काढू नये. पेटी गेली म्हणजे सेन्सर गेला असे नाही. पीटी-१०० हा तापमानाचा सेन्सर जगभर एकाच मापाचा असतो. शून्य अंशाला त्याचा रोध १०० ओहम असतो, मग तो कोणत्याही कंपनीचा असो. दाब मोजणारी बरीच उपकरणे ४ ते २० मिलिअँपिअर हा ठरलेला संकेत देतात. यंत्रांनी एकमेकांशी बोलण्याची मॉडबस ही पद्धत १९७९ सालापासून चालत आली आहे. ही सामाईक भाषा समजणारी दुसऱ्या कंपनीची पेटी जुन्या सेन्सरला जोडता येते. फक्त जोडल्यावर मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून तिचे माप तपासून घ्यावे, नाहीतर नवा साक्षीदार खोटे बोलेल.

म्हणून माझे मत असे आहे की, नवी पेटी घेताना भावाआधी तीन गोष्टी विचाराव्यात. सुटे भाग किती वर्षे देणार, हे बिलावर लिहून द्याल का? आकडे साध्या तक्त्याच्या रूपात, कोणत्याही संगणकावर उघडतील असे काढता येतात का? मॉडेल बंद करताना शेवटच्या मागणीची तारीख आम्हाला थेट कळवाल का? ही सूचना पुष्कळदा वितरकाच्या टेबलावरच पडून राहते. आणि पेटी कोणतीही असो, दर लॉटची नोंद त्याच दिवशी छापून चलनासोबत लावावी.

कायद्यावर फार विसंबून चालणार नाही. केंद्राने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल सुरू केले. त्याचा भर शेतीची अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणे आणि वाहने या चार क्षेत्रांवर आहे. कारखान्यातल्या मापन यंत्रांचा त्यात वेगळा उल्लेख नाही. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदाही व्यापारासाठी घेतलेल्या मालाला लागू होत नाही. मात्र केवळ स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी यंत्र घेणाऱ्याला त्यात सूट आहे. लहान कारीगरांनी हे ध्यानात ठेवावे आणि बिल जपून ठेवावे.

यात आपल्या तरुणांसाठी रोजीही आहे. वसई, तारापूर आणि भिवंडीच्या गाळ्यांत अशा मुक्या पेट्या धूळ खात पडल्या आहेत. आयटीआय केलेला मुलगा सेन्सर, संकेत आणि कॅलिब्रेशन शिकला, लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जुन्या सेन्सरवर नवी पेटी बसवू लागला, तर त्याला काम शोधत फिरावे लागणार नाही. मोठ्या कारखान्याला कंपनीचा इंजिनियर मिळतो, लहान गाळेवाल्याला असाच मुलगा हवा असतो.

व्यापारी आणि कारीगर बंधूंनो, कंपनीने आपले मॉडेल कधी बंद करावे हे आपल्या हातात नाही. आपल्या मालाची नोंद आपल्याजवळ ठेवणे मात्र आपल्याच हातात आहे. वजनकाटा जसा आपण दुसऱ्याच्या भरवशावर सोडत नाही, तशी ही नोंदही सोडू नये.